ज्वारीच्या पिठाचा पखवाज

इथले अनुभव मी बरेच दिवस नुसती वाचत आले आहे. खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसायचे आणि उरलेल्यांना मनातल्या मनात मार्क द्यायचे. मी विट्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. भानामती, अंगात येणं, करणी... वर्गात असलं काही निघालं की "पुरावा काय?" असं मीच पोरांना विचारते. आज हे वाचून माझ्या वर्गातलं कुणी मला तोच प्रश्न विचारेल, म्हणून उत्तर आधीच देऊन ठेवते – पुरावा होता. तो आमच्या शेळीने खाल्ला.

आम्ही मूळचे म्हसवडच्या बाजूचे, मेंढरांमागे फिरणारे लोक. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तरुणपणी धनगरांच्या गजीच्या नाचात ढोल वाजवायचे. तो हात ऐकून सिद्धनाथाच्या देवळातल्या एका गुरवबुवांनी त्यांना पखवाज शिकवायला घेतलं, आणि चौथीपर्यंत शिकलेले अण्णा हळूहळू पुण्या-मुंबईच्या मोठ्या स्टेजवर जाऊन बसले. मोठमोठे गवई त्यांना बाजूला बसवून घ्यायचे. नंतर तर त्यांचं एकट्याचं वादन ऐकायला लोक तिकीट काढून येऊ लागले.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला मधोमध कणकेचा गोळा थापतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्या ओल्या कणकेमुळेच डाव्या हाताला तो खोल, घुमणारा आवाज येतो. कार्यक्रम संपला की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी नवी लावायची. आमच्याकडे ती कणीक आई मळायची. घरचंच पीठ, बाहेरचं अण्णांना चालायचं नाही. अण्णा प्रत्येक कार्यक्रमाला आईला घेऊन जायचे. ती विंगेत खाली जमिनीवर बसायची. अण्णा एक थाप मारून तिच्याकडे बघायचे, ती मान हलवायची... झालं, की मग वादन सुरू.

आईची आणखी एक खूण सांगायला हवी. कडबा कापायच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं होतं. त्यामुळे तिने थापलेल्या भाकरीवर बोटांचा ठसा वेगळा उमटायचा, मधलं बोट आखूड. शाळेत डबे इकडचे तिकडे झाले तरी माझी भाकरी लगेच ओळखू यायची. मैत्रिणी म्हणायच्या, "वैशालीच्या भाकरीवर तिच्या आईची सही असतीया!" त्या भाकरी खाऊनच मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दार बघितलं नव्हतं. कॉलेजला मी विट्याला मावशीकडे होते, आई माळावरून एसटीने भाकरी पाठवायची, अशी शिकले. आई सहीच्या जागी अंगठा उठवायची, पण माझ्या पदवीचा कागद तिने देव्हाऱ्यात ठेवला होता.

आई गेली आणि अण्णांनी पखवाजाला गवसणी घातली ती काढलीच नाही. फोन यायचे, ते घ्यायचेच नाहीत. मी विषय काढला की म्हणायचे, "माझा डावा हात तिच्याबरं गेला, पोरी."

मुंबईच्या एक कथक नर्तिका आहेत. फार मोठं नाव, म्हणून इथे देत नाही, सगळे त्यांना दीदी म्हणतात. त्यांनी मात्र पिच्छा सोडला नाही. त्यांना शिवतांडव बसवायचं होतं आणि त्याला अण्णांचाच पखवाज हवा होता. शेवटी त्यांनी मला फोन केला. मी फोन स्पीकरवर टाकून अण्णांच्या पुढ्यात ठेवला.

"अण्णा, तुम्ही नसाल तर मी हे नाचणारच नाही," दीदी म्हणाल्या.

अण्णांनी फोन जवळ ओढला. मग म्हणाले, "एकडाव येतो. न्हाई जमलं, तर तुमी पुन्हा इचारायचं न्हाई. हिनंबी न्हाई."

हिनंबी म्हणजे मी. म्हणजे हा कार्यक्रम बिघडला तर पखवाज कायमचा बंद. आणि तो बंद झाला तर अण्णांचं काय उरेल, हे मला दिसत होतं. जेवण निम्मं झालं होतं, देवळात जाणं थांबलं होतं.

निघायच्या दिवशी पहाटे गाडी दारात उभी होती. मी घाईघाईने आईच्या पोचा आलेल्या झाकणाच्या डब्यातून पीठ भरून घेतलं. त्या डब्यात कायम गव्हाचंच पीठ असायचं. मी बघितलंसुद्धा नाही.

मुंबईला हॉलच्या ग्रीनरूममध्ये बसून पिशवी सोडली... आणि हात तिथेच थांबला. ज्वारीचं पीठ! आई गेल्यापासून शेजारची सुमनकाकी अण्णांना भाकरी करून घालत होती. चपाती अण्णा खातच नव्हते. तिने रिकामा दिसला त्या डब्यात ज्वारीचं भरून ठेवलं होतं.

मी आठवीच्या वर्गाला हे शिकवते – गव्हाच्या कणकेला ताण असतो, ती चिकटून राहते, ज्वारीच्या पिठात तो चिकटपणाच नसतो. म्हणून तर भाकरी लाटत नाहीत, थापतात. पखवाजावर ज्वारीचा गोळा टिकणं शक्य नाही. तो तडकणार आणि गळून पडणार.

संयोजकांपैकी खादीचा झब्बा घातलेले एक गृहस्थ धावत आले. "मैदा चालेल का? नाहीतर तबल्याचा डग्गा आणून ठेवू बाजूला? लोकांना काय कळतंय!"

अण्णांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते स्वतःच म्हणाले, "नाही, नाही... मी पीठच बघतो कुठेतरी," आणि गेले. कॅन्टीनमध्ये वडे-समोसे तयारच येत होते, तिथे पीठ नव्हतं. दुसरी घंटा झाली.

मी ग्रीनरूममधल्या किटलीतलं गरम पाणी घेतलं आणि आई उकड घ्यायची तसं ते पीठ मळलं. अण्णांनी गोळा लावला, थापून बसवला, एक थाप मारली. गोळ्याला मधोमध तडा गेला आणि निम्मा भाग त्यांच्या धोतरावर पडला.

अण्णा त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "बघ. तीच नगं म्हणतीया."

"अण्णा, ती कशाला नको म्हणेल? माझी चूक आहे. मी डबा बघितला नाही."

"डबा तिचाच हाय न्हवं?"

तेवढ्यात दीदी आत आल्या, पूर्ण शृंगारात, पायात घुंगरू. त्यांना सगळं कळलं होतं. त्या अण्णांच्या पुढ्यात जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, माझ्या तांडवाआधी तुमचं सोलो आहे. गोळा पडला तर पडू दे. तुम्ही उठून आत या, मी एकटी घुंगरांवर नाचेन. पण स्टेजवर एकदा बसा."

अण्णांना हसू आलं. "दीदी, तुमी लय हट्टी हाय. आमच्या हिच्यावानी." या वेळी 'ही' म्हणजे आई.

तिसरी घंटा झाली. पडलेला तुकडा मी उचलून पुन्हा मळला. अण्णांनी गोळा परत लावला आणि ते उठले. जाता जाता म्हणाले, "हे गळालं, की मग माजं आन् पखवाजाचं संपलं म्हन."

मी विंगेत उभी राहिले. हॉल भरलेला होता. पहिल्याच थापेला मला लांबून दिसलं – गोळ्याची कड उचलली गेली होती, वर भेगा होत्या. अण्णांनी चौताल सुरू केला, सावकाश. आवाज कोरडा येत होता, फुटका. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन जाणकारांनी एकमेकांकडे बघितलं.

मग अण्णा थांबले. एकच थाप मारली आणि मान वळवून विंगेकडे बघितलं.

मला वाटलं, माझ्याकडे बघतायत. मी हात वर केला, हसायचा प्रयत्न केला. पण त्यांची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या डाव्या बाजूला, खाली... जमिनीवर कुणी बसलं असेल तर जिथे तोंड येईल, तेवढ्या उंचीवर होती. मी खाली बघितलं. तिथे काहीच नव्हतं. रिकामी फरशी, एक वायरचं वेटोळं.

अण्णांनी वाट बघितली. मग – हे मी लहानपणापासून इतक्या वेळा पाहिलं आहे की चुकणं शक्य नाही – उत्तर मिळाल्यावर हलवायचे तशी मान हलवली, शेजारच्या पाण्याच्या वाटीत बोटं बुडवून गोळ्यावर पाण्याचा हात फिरवला आणि पुढची थाप मारली.

तो आवाज मला लिहून सांगता येणार नाही. हॉलच्या खालून आल्यासारखा... खुर्च्यांमधून चढल्यासारखा. समोरचे लोक एकदम सरळ बसले. त्यानंतर अण्णा वाजवत गेले. दीदी आल्या, तांडव झालं, पखवाजाच्या बांधीव बोलांच्या परणींवर परणी झाल्या. दीदी घामाने निथळत होत्या आणि हसत होत्या. एका परणीच्या शेवटी दोघांची सम अशी पडली की सगळा हॉल उभा राहिला. मी मात्र बहुतेक वेळ त्या गोळ्याकडेच बघत होते. वरून लाईटचा भट्टीसारखा उजेड, अण्णांचा तळवा त्यावर आपटतोय... आणि एक कण सुटला नाही.

मधेच ते झब्बेवाले गृहस्थ धापा टाकत माझ्याजवळ आले, हातात गव्हाच्या पिठाची पिशवी. "मिळालं! आता लावायचं का?" मी फक्त ओठांवर बोट ठेवलं.

कार्यक्रमानंतर ग्रीनरूममध्ये माणसांची रीघ लागली. ती ओसरल्यावर अण्णांनी गोळा काढायला घेतला. खरवडावा लागलाच नाही, अख्खा सुटून माझ्या ओंजळीत आला. मऊ होता. कोमट. आणि त्याच्या वरच्या अंगावर बोटांचा ठसा होता, मधलं बोट आखूड.

मी माझा हात लावून बघितला. माझी बोटं धड आहेत. "अण्णा, ही बोटं तुमची का?" अण्णांनी स्वतःचा हात शेजारी धरला. त्यांची बोटं जाड, त्या ठशात मावणारी नव्हतीच. शिवाय ज्या अंगावर इतका वेळ तळवा आपटत होता, तिथे कुठलाही ठसा राहील कसा?

अण्णांनी स्वतःचा धुतलेला पंचा पसरला, त्यात गोळा ठेवला आणि म्हणाले, "खाली ठिवू नगं. मांडीवर घिऊन बस."

तुम्ही म्हणाल, फोटो का नाही काढलास? खरं सांगते, सुचलंच नाही. हात कणकेने भरलेले होते आणि डोळे पाण्याने.

कार्यक्रमाची कणीक टाकून द्यायची नाही, दारातल्या शेळीला घालायची, ही आईची पद्धत. म्हसवडला पोचलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. मी पंचा सोडून पुन्हा एकदा तो ठसा बघत होते, तर अण्णांनी गोळा माझ्या हातातून घेतला आणि सरळ शेळीपुढे धरला.

"आवं अण्णा, थांबा की!"

"थांबायचं कशाला? तिनं कवा ठिवला व्हता का?"

शेळीने दोन घासांत संपवला.

नंतर सुट्टीत मी घरी प्रयोग केला. तेच ज्वारीचं पीठ, तसंच गरम पाणी, तोच पखवाज. गोळा पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. पाण्याचं प्रमाण बदललं, मळायची वेळ बदलली, सगळं शास्त्रशुद्ध. एकदाही टिकला नाही. अण्णा उंबऱ्यात बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "कशाला सारखं बोलावतीस तिला? आसंल कामात."

मला कारण सापडलेलं नाही. दमटपणा, लाईटची उष्णता, गरम पाण्याने पिठावर होणारा परिणाम, सगळं लावून बघितलं. त्याने त्या दिवशी गोळा टिकला असेल, इतकं मी ओढूनताणून मानेन. आखूड बोटाचं मात्र काय करायचं, ते मला अजून कळत नाही. कुणाला सुचत असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन.

अण्णा आता पुन्हा वाजवतात. पीठ गव्हाचंच नेतो, निघण्याआधी मी ते चाखूनसुद्धा बघते. कणीक मीच मळते आणि विंगेत मीच बसते, आईसारखी खाली, जमिनीवर. अण्णा थाप मारून बघतात, मी मान हलवते. मला त्यातलं फारसं कळत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

फक्त बसताना मी भिंतीला अगदी चिकटून बसते. डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडते.