रिकामी चाललेली गिरणी

गिरणीवाल्या मावशींची आठवण निघाली की आधी तो घरघराट कानात सुरू होतो आणि मागोमाग ऊन ऊन पिठाचा वास येतो. मावशींच्या भुवया पांढऱ्या होत्या. त्या वयाने की पिठाने, हे गल्लीत कुणालाच सांगता आलं नसतं. देवाचं नाव घेतल्याशिवाय त्यांनी कधी बटण दाबलं नाही आणि गिरणी कधी रिकामी फिरू दिली नाही. "दाणा नसला की दगड एकमेकांना खातात गं," म्हणायच्या.

सारा जन्म त्या आवाजात गेलेला, त्यामुळे मावशी ऐकायच्या डोळ्यांनी. नुसते ओठ हलले तरी त्यांना कळायचं. म्हणून घरी बोलता न येणारं बायका तिथे बोलून घ्यायच्या. दाराबाहेरच्या माणसाला अवाक्षर ऐकू जात नसे.

रंगाऱ्याची बायको मात्र कधी बोलली नाही. दळणाचा डबा नवराच खांद्यावर आणायचा. "नशीब काढलंस बाई," बायका चिडवायच्या, "आमच्याकडे स्वतःचं ताट उचलत नाहीत!" ती हसायची. तिला सातवा महिना लागला, तसा तो तिला एकटी म्हणून सोडेना. मावशींनाही कौतुक वाटायचं.

एका दुपारी डबा ठेवून तो बाहेर जाऊन उभा राहिला. पिठाने त्याला खोकला यायचा. गहू पडू लागला. त्याच्याकडे पाठ करून तिने ओठ हलवले.

"मावशी, काल पोटावर लाथ मारली. सकाळपासून बाळ हललं नाही. दवाखान्यात नेत नाही."

मावशींचा हात पिठातच राहिला. मग त्यांनी मागच्या अंगणात धान्य पाखडणाऱ्या जावेला खुणेने बोलावलं आणि कानात सांगितलं. जाऊबाईंनी सूप ठेवलं, पोरीचा हात धरला आणि रांगेतल्या बायकांच्या आडून, मागच्या दाराने तिला रिक्षात घातलं.

इकडे गहू संपला. गिरणी थांबली असती तर तो लगेच आत आला असता. मावशींनी देवाला हात जोडले आणि गिरणी रिकामीच चालू ठेवली. दगडावर दगड घासून करपट वास सुटला.

"मावशी, झालं का?"

"दम धर! बारीक दळायचंय!"

शेवटी तो आत आलाच. "ही कुठे गेली?"

"दवाखान्यात."

तो गोड हसला. "मावशी, हे आमच्या घरातलं आहे. तुम्ही कशाला मध्ये पडता?"

मावशींनी बटण बंद केलं. गिरणी गप्प झाली, पण मावशींचा आवाज गिरणीच्या वरताण बोलायला सरावलेला.

"पोटुशा बायकोला लाथा घालतोस, आणि गल्लीभर डबा मिरवतोस?"

रांगेतल्या बायकांनी डबे खाली ठेवले. कुणी बाजूला सरकलं नाही. त्याला अंग चोरूनच बाहेर पडावं लागलं.

संध्याकाळी जाऊबाई आल्या. "ठोके लागले हो बाळाचे! पोरगी म्हणते, इथून थेट आईकडे जाईन." तेव्हा कुठे मावशी खाली बसल्या.

दगडांना टाकी लावून पुन्हा खरखरीत करायला आलेला कारागीर हबकला. "मावशी, तुम्ही? रिकामी चालवलीत?"

"चालवली."

"अहो, दगड गेले कामातून!"

"जाऊ देत."

पुढे गिरणीही बंद पडली आणि ते दगड मागच्या दाराची पायरी झाले. एकदा रंगाऱ्याची बायको, म्हणजे आता कुणाचीच नव्हे, लेकीला घेऊन भेटायला आली. पोरगी त्या पायरीवरून सारख्या उड्या मारत होती.

"अगं, जरा स्वस्थ बस की!" आई ओरडली.

"तिला काही बोलू नकोस," मावशी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हलतेय तेवढी हलू दे!"