न विचारता उचललेली

चौघांनी मला न विचारता उचललं. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी माझे लुळे पाय धरले, आणि मी स्टेजवर. चाकाची खुर्ची खालीच राहिली. टी-शर्ट वर सरकून पोट उघडं पडलं होतं. समोर अख्खं हुपरी गाव.

व्हीलचेअरच्या शर्यतीत राज्यात पहिली आले म्हणून सत्कार होता. आमच्याकडे जिंकून आलेल्या मुलीला गाव चांदीचे पैंजण देतं. त्या वर्षीचे पैंजण माझ्या आईनंच घरात बसून घडवले होते. कबड्डीतल्या दोघींना मिळाले. माझी पाळी आली तसा सत्काराला पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांनी पैंजणांच्या ताटातला हात मागं घेतला.

“हिच्या पायात काय वाजणार हाय? निरांजन द्या हिला. देवापुढं लावंल की.”

लोक हसले. वाईट नव्हते हो, कौतुकानंच हसले. तेच जास्त लागलं. बायकांत बसलेल्या आईनं पदर तोंडाला लावला. मी निरांजन घेतलं. वर “धन्यवाद” म्हणाले. जीभ झडली कशी नाही माझी!

ते हात अजून अंगावरून गेलेले नाहीत. हायवेवर सराव करताना उसाचे ट्रॅक्टर अंगावर येतात, त्यांची भीती वाटत नाही. पण मागून कुणी नुसतं “थांब, धरतो” म्हणालं की घाम फुटतो, हात आपोआप पोट झाकायला जातो. देशात पहिली आले, त्या शर्यतीतही शेवटच्या वळणावर मला ते हसणंच ऐकू येत होतं.

यंदा पुन्हा सत्कार. तेच साहेब, तसंच उंच स्टेज. चौघं बाह्या सावरत आले.

“हात लावायचा न्हाय.”

“अगं पोरी, सायेब वर थांबल्यात.”

“मग त्यास्नी खाली बोलवा. त्यांचं पाय चांगलं हायत की.”

हलगी थांबली. आई मागून पुटपुटली, “गप बस बाई, मोठी माणसं हायत ती.” साहेब आले नाहीत. माझं नाव सोडून पुढचं पुकारलं. मी खुर्ची वळवली आणि मंडपाबाहेर आले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

लोक म्हणतात, पोरीला माज आलाय. आला असेल. माझं नाव गाळायचं तर खुशाल गाळा. मेल्यावर चौघं उचलतीलच, तेव्हा मला कोण विचारणार? तोवर मात्र विचारल्याशिवाय या अंगाला कुणी हात लावायचा नाही.