बेटावर एकटा राहिलेला पक्षी

मी हमरापूरचा. आमच्याकडे घराघरात गणपतीच्या मूर्ती बनतात आणि मी त्यांची आखणी करतो, म्हणजे डोळे काढतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझी पुढे जी शोभा झाली ती या धंद्यामुळेच. दुसऱ्या कुणाची झाली असती तर मी स्वतः पोट धरून हसलो असतो. चहा घ्या, सांगतो.

नव्याण्णव साल असेल. गणपती गेले की आखणीवाला रिकामा. सुलभा, म्हणजे आमची सौ., म्हणाली, घरात माश्या मारत बसण्यापेक्षा रोह्याला जा आणि तात्यांजवळ राहा. तात्या म्हणजे माझे सासरे. त्या उन्हाळ्यात सासूबाई गेल्या आणि तात्यांनी बोलणंच सोडलं. जन्मभर कंपनीत शिफ्ट केलेला माणूस, मशीनच्या वर आवाज चढवून बोलायची सवय. असा माणूस गप्प बसलेला बघवत नाही हो. दोन घास खायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. सुलभाचा जीव तिथेच टांगलेला.

माझा मेहुणा नंदू घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. नुकतंच इंटरनेट घेतलेलं. एका दुपारी म्हणाला, "भावोजी, परदेशातल्या एका बेटावर पक्ष्यांसमोर कॅमेरा लावलाय. आत्ता तिथं काय चाललंय ते आपण इथं बसून बघायचं."

बघायचं म्हणजे काय, तर वाट बघायची! चित्र वरून खाली इंचाइंचाने उतरायचं. आभाळ येईपर्यंत चहा, समुद्र येईपर्यंत बिस्किट, आणि कडा दिसायला लागला की फोनची लाइन कट. पुन्हा पहिल्यापासून आभाळ.

शेवटी एकदाचं सगळं उतरलं. भला मोठा काळा कडा आणि त्यावर कोणी नाही. नंदूने खालचं इंग्रजी वाचून सांगितलं की हंगाम संपला, हजारो पक्षी पिल्लं घेऊन समुद्रावर निघून गेले. म्हटलं, वा, त्यांचाही ऑफ-सीझन आणि आमचाही!

तेवढ्यात कोपऱ्यात मला तो दिसला. काळी पाठ, पांढरं पोट, चोच अशी की रंगाचे उरलेले डबे एकावर एक ओतलेत. एकटाच, समुद्राकडे तोंड करून उभा.

"हा का राहिला?" मी म्हटलं.

मागून आवाज आला, "वाट बघतोय तो."

तात्या! दारात उभे. किती दिवसांनी बोलले होते! नंदूने माझ्याकडे बघितलं, मी नंदूकडे. मी लगेच खुर्ची पुढे ओढली.

त्या दिवसापासून रोज दुपारी आमची बैठक. आभाळ उतरायला लागलं की तात्या चष्मा पुसून तयार. तो आहे ना, हे बघायचं आणि मगच जेवायचं. आणि जेवायचे हो, पोटभर! एकदा एक बगळ्याएवढं पांढरं पाखरू त्याच्या डोक्यावरच बसलेलं दिसलं. मी म्हटलं, तात्या, बघा, समजूत काढायला आलंय. तात्या म्हणाले, शेजारी बरे दिसतात.

आता तुम्ही विचाराल, अरे शहाण्या, तो हलत नव्हता हे दिसत नव्हतं का? अहो, त्या कॉम्प्युटरवर काहीच हलत नव्हतं! समुद्रसुद्धा हलत नव्हता, मग पक्ष्यालाच कसा दोष द्यायचा?

नंदूला मात्र एकदा शंका आली. "भावोजी, खरा असंल ना हा?"

झालं! माझ्या धंद्यालाच हात घातला की त्याने. तात्यांसमोर मी छाती काढून सांगितलं, "नंदू, जन्म गेला माझा डोळे काढण्यात. रंगवलेला डोळा मी मैलावरून ओळखतो. या डोळ्यात जे दुःख हाय ना, ते कुणा माणसाच्या ब्रशाला जमणारच नाय."

तात्यांनी मान हलवली. जावयाच्या कलेला त्यांनी दिलेली ती पहिली दाद. मी आतल्या आत फुगलो.

आणि मग एक दिवस आभाळ उतरलं ते काळंकुट्ट. कडा ओला. आणि आमचा पक्षी आडवा पडलेला, पाय वर.

तात्या उठले, आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. ताट तसंच राहिलं. मला रडू यायचं बाकी होतं. इतक्या दिवसांत सावरलेला माणूस एका वादळाने परत होता तिथे गेला.

मी नंदूला म्हटलं, लिही त्या बेटवाल्यांना ई-मेल, आत्ताच्या आत्ता. तुमचा पक्षी पडलाय, जीव असेल तर वाचवा, इथे एक म्हातारा माणूस त्याच्यापायी जेवत नाही. आणि खाली मुद्दाम घालायला लावलं की मी स्वतः देवाचे डोळे काढणारा कारागीर आहे आणि या पक्ष्याच्या डोळ्यातलं दुःख खरं असल्याची मी ग्वाही देतो.

दुसऱ्या दिवशी चित्र उतरलं. पक्षी उभा! ताठ! तात्यांना हात धरून बाहेर आणलं. नंदू पेढे आणायला निघाला, तेवढ्यात उत्तर आलं. नंदू मनातल्या मनात वाचत गेला आणि त्याचा चेहरा लांबत गेला.

"मोठ्यानं वाच," तात्या म्हणाले.

मजकूर असा. काळजीबद्दल मनापासून आभार. पक्षी प्लास्टरचा आहे. एक बसलेला दिसला की पुढच्या हंगामात खरे पक्षी धीराने उतरतात, म्हणून ठेवला आहे. वाऱ्याने तो बुडातून सुटला होता, आता सिमेंट लावून पक्का बसवला आहे.

प्लास्टर! ज्याच्या पांढऱ्या धुळीत मी लहानाचा मोठा झालो, ते प्लास्टर! माझी नजर जमिनीवरून वर येईना. नंदू थांबला. तात्या म्हणाले, "अजून हाय वाटतं. वाच."

"रंगकाम इथल्या शाळेतल्या दुसरीच्या मुलांनी केलं आहे. डोळ्याबद्दल एवढ्या मोठ्या कारागिराने जे लिहिलं, ते त्यांना वर्गात वाचून दाखवू."

मला धास्ती तात्यांची. आता हा माणूस कायमचा मिटणार.

तात्यांचे खांदे हलायला लागले. मग पोट. मग त्यांनी मांडीवर थाप मारली आणि असे हसले, असे हसले की ठसका लागला आणि शेजारची माणसं धावत आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला इतकं बरं वाटलं की मीही माझ्याच फजितीला हसत सुटलो.

पेढे आणलेच. रोज एका नव्या माणसाला बोलावून तात्या तो किस्सा सांगायचे, कंपनीतल्या आवाजात. महिनाभरात सगळ्या रोह्याला माझी कीर्ती कळली.

पुढच्या वर्षी घरचा गणपती न्यायला तात्या स्वतः हमरापूरला आले. त्यांच्या मूर्तीचे डोळे मी जीव ओतून काढले होते. ते आमच्या मूर्तींच्या कारखान्यात पाटासमोर बसले, चष्मा पुसला, बराच वेळ डोळ्यांकडे बघत राहिले. सुलभा दाराशी उभी.

मग माझ्या पाठीवर हात ठेवून, अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "जावयबापू, झकास! अगदी दुसरीतल्या पोरानं काढल्यागत!"