भाड्याच्या घरातलं आईचं चाडं

घटस्फोटाचा कागद हातात पडला त्याच आठवड्यात मी औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. खाली वह्या-पुस्तकांचं दुकान, पहिल्या मजल्यावर घरमालकीण काकू, आणि त्यांच्या डोक्यावर, गच्चीला लागून, मी. तेव्हा माझं वय एकोणचाळीस होतं. रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरी होती, तीही चालत दहा मिनिटांवर. मला एवढं पुरेसं वाटत होतं.

दादाला वाटत नव्हतं. बिडकीनची आमची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती, मोबदला आला होता आणि गावातल्या जुन्या घराच्या शेजारी दादाचा बंगला उभा राहत होता. "वरची एक खोली तुला देतो," तो फोनवर म्हणाला. "बाईमाणसानं शहरात एकटं राहून काय करायचं?"

"राहायचं," मी म्हणाले.

"मग राहा. पण भाड्याच्या घरात सामान भरू नको. उद्या निघावं लागलं तर कुठं नेशील?"

त्याचं पहिलं म्हणणं मी धुडकावलं, पण दुसरं नकळत पाळलं. सात महिने माझ्या घरात एक चटई, एक गॅस, दोन पातेली आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. कपडे बॅगेतच. खिडकीच्या काचेला वर्तमानपत्र चिकटवलेलं. सासरी पंधरा वर्षं प्रत्येक वस्तू सासूच्या नाहीतर नवऱ्याच्या पसंतीची होती. पडद्याचा रंगसुद्धा मला कुणी विचारला नव्हता. आता सगळं माझ्या मनासारखं करायला मी मोकळी होते, आणि माझाच हात उचलला जात नव्हता.

मग आई दोन दिवसांसाठी आली. खुर्चीवर बसायला तिला आवडत नाही, म्हणून चटईवर बसली. चहा पिता पिता तिनं खोलीभर नजर फिरवली. बॅग बघितली, वर्तमानपत्र बघितलं.

"काय गं," ती म्हणाली, "तू इथं राहायलीस का नुसती थांबलीस?"

त्या दिवशी मला तिचा रागच आला. म्हटलं, हिला काय कळतंय. पण ती गेल्यावर ते वाक्य काही जाईना. पुढच्या रविवारी मी वर्तमानपत्र टराटरा फाडून काढलं, तर आत इतकं ऊन आलं की मला डोळे मिटावे लागले.

त्याच दिवशी मी गुलमंडीवरून चुना आणि पिवडीची पिवळी पूड आणली. लहानपणी आमच्या घराला दर दिवाळीला हीच पिवडी लावायचे, म्हणून प्रमाण मला ठाऊक होतं. समोरची एकच भिंत रंगवायची ठरवली. सगळ्या रंगवल्या असत्या तर खोली लहान दिसली असती. ब्रश घेऊन मी स्टुलावर चढले तोच दारात काकू.

"हे काय चाललंय? माझी भिंत आहे ती."

"भिंत तुमचीच आहे, काकू. पण रोज बघायची मला आहे."

"आणि खिळा? एक खिळा ठोकलास तर बघ."

"नाही ठोकणार."

हा शब्द मात्र मी पाळला, आणि खरं सांगायचं तर त्या अटीनंच मला शिकवलं. खिळा नाही म्हटल्यावर डोकं चालवावं लागतं. खिडकीच्या गजापासून दाराच्या वरच्या झरोक्याच्या गजापर्यंत मी सुती दोरी ताणली आणि तिच्यावर आईची दोन जुनी लुगडी सोडली. एक हिरवं, एक जांभळं, दोन्ही धुऊन धुऊन तलम झालेली. ऊन त्यातून आलं की पिवळ्या भिंतीवर जांभळी सावली पडायची. गच्चीवर पडलेल्या विटा काकूंना विचारून घेतल्या, घासून धुतल्या आणि त्यांच्यावर फळ्या टाकून पुस्तकांची मांडणी केली. शिंप्याकडच्या चिंध्यांची उशी, लोणच्याच्या चिनी मातीच्या कान तुटलेल्या बरणीत शेवंतीची फुलं. लॅबमधल्या मैत्रिणी विचारायच्या, "परवडत नाही म्हणून का गं?" मी सांगायचे की व्हय, परवडत नाही. आणि परवडलं असतं तरी दुकानातलं ते चकचकीत मी घेतलं नसतं. दोन्ही खरं होतं. दोन्हींची मला लाज नव्हती.

वर्षभरानं दादाच्या बंगल्याची वास्तुशांत झाली. मांडव, जेवणावळ, सगळं गाव. बंगल्यात छताला पांढरी नक्षी आणि तिच्यात निळे-लाल दिवे, दिवाणखान्यात भलामोठा सोफा, त्याच्यावर दुकानातून आला तेव्हाचं प्लॅस्टिक तसंच. वहिनी नव्या साडीत घामाघूम होऊन पाहुण्यांना घर दाखवत होती. मी आईला शोधत मागच्या बाजूला गेले, आणि तिथं कुंपणाच्या भिंतीला टेकून आमचं जुनं घर पडलेलं होतं. म्हणजे ते पाडल्यावर उरलेले त्याचे तुकडे. सागवानी कवाड, त्याची लोखंडी कडी तशीच. कपडे ठेवायच्या दोन पत्र्याच्या पेट्या. पेरणीची मोडकी तिफण. आणि तिफणीच्या बाजूला चाडं.

पेरताना तिफणीवर जी लाकडी वाटी बसवतात तिला चाडं म्हणतात. तिच्या बुडाला तीन भोकं असतात. त्यात मुठीनं बी सोडलं की ते नळ्यांमधून जमिनीत तीन ओळींत पडत जातं. आमचं चाडं बाभळीचं होतं, आतून हात लागून लागून आरशासारखं गुळगुळीत झालेलं. मी ते उचललं आणि पदरानं पुसलं.

"भंगारवाला सकाळी येणारंय," मागून वहिनी म्हणाली. "ताई, ते ठेवा खाली. साडी खराब होईल."

"हे मी नेते, वहिनी. कवाड पण. पेट्या पण."

"आता? पाहुणे बघायलेत. नंतर पाठवून देऊ की."

"सकाळी भंगारवाला येणार म्हणलात ना?"

मंडपवाल्याचा टेम्पो रिकामी भांडी घेऊन शहराकडे निघाला होता. मी चालकाला विचारलं, तो हो म्हणाला. मी आणि त्यानं मिळून कवाड उचललं आणि जेवणाऱ्या पंगतीच्या बाजूनं, सगळ्यांच्या देखत, बाहेर आणलं. आमची एक आत्या पंगतीत बसली होती. तिचा आवाज मुळात मोठा.

"नवऱ्यानं सोडली, आता भंगार गोळा करायली बघा."

दोन-तीन बायका हसल्या. मी कवाड खाली ठेवलं.

"नवऱ्यानं नाही सोडलं, आत्या. मी सोडलं त्याला. आणि हे भंगार नाही. ह्याच दारातून तुम्ही नवरी होऊन बाहेर पडलात."

दादा मांडवाच्या टोकाला उभा होता, त्यानं तोंड फिरवलं. मी परत वाकले आणि कवाड उचललं. बिडकीनपासून शहरापर्यंत मी टेम्पोत चालकाच्या शेजारी बसून आले, अंगावर रेशमी साडी आणि मांडीवर चाडं.

जुन्या शहरात एक वयस्कर सुतार आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्यापुढे मी चाडं ठेवलं.

"बाजी, ये तो जलाने की लकडी है," ते म्हणाले.

"जलाना ही है, चाचा. लेकिन अंदर बल्ब."

ते हसले. मग त्यांनी चाडं हातात फिरवून बघितलं, आतून अंगठा फिरवला आणि हसायचे थांबले. एका भोकातून वायर घेतली, आत छोटा होल्डर बसवला. बाहेरून रंधा मारू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. नुसतं जवसाचं तेल चोळून घेतलं. कवाड दोन पेट्यांवर आडवं टाकलं आणि माझं टेबल झालं. पेट्यांत कपडे गेले. चाडं दोरीवरून त्या टेबलावर उलटं टांगलं. दिवा लावला की खाली पिवळा गोल उजेड, आणि वरच्या दोन भोकांतून छतावर उजेडाचे दोन ठिपके.

महिन्याभरानं दादा आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन शहरात आला. वास्तुशांतीनंतर आमचं बोलणं नव्हतं. पण आईनं हट्ट धरला, म्हणून तिला वर सोडायला आला. संध्याकाळ होती, दिवा लागलेला होता. दादा दारातच थांबला. आधी कवाडाकडे बघितलं, मग वर.

"हे काय आहे?"

"चाडं."

"ते कळतंय मला. बापाची पेरणी छताला टांगलीस? रान गेलं, ते कमी होतं का? लोकांना दाखवायचंय का तुला?"

त्याचा आवाज चढला होता, पण चेहरा रागाचा नव्हता. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की जमीन गेल्याचं त्याला माझ्याइतकंच लागलं होतं, आणि ते डोळ्यांपुढं नको म्हणूनच त्यानं सगळं कुंपणाला नेऊन टाकलं होतं. पण लक्षात आलं म्हणून मी माघार घेतली नाही.

"तू ते भंगारात टाकलं होतंस, दादा. मी घरात आणलं. आणि बापाची पेरणी म्हणू नको. बाप बैल हाकायचा. चाड्यावर मूठ आईची असायची. आत हात घालून बघ, तो गुळगुळीतपणा कुणाच्या हाताचा आहे."

"लई शिकलीस बोलायला."

"व्हय. उशिराच शिकले."

आई तोवर टेबलाशी जाऊन बसली होती. डोळ्यांत औषध घातल्यामुळे तिला धूसर दिसत होतं. तिनं कवाडाची कडी चाचपली, मग मान वर करून दिव्याकडे बघत राहिली.

"उजेड बरा पडायलाय," ती म्हणाली. आणि मग दादाला, "बस की. का उभ्यानंच जाणारैस?"

तो बसला नाही. गाडी रस्त्यात लावलीय म्हणाला आणि जिना उतरला. आई त्या रात्री माझ्याकडे राहिली. झोपताना म्हणाली, "दिवा राहू दे थोडा वेळ."

दादा पुन्हा माझ्या घरी वर आलेला नाही, हे लिहायला हवं. सणावाराला फोन करतो, तब्येत विचारतो. आम्ही भांडत नाही. पण त्यानं माझं घर मान्य केलं असं मी म्हणणार नाही, आणि त्याच्या मान्यतेसाठी मी ते मांडलंही नव्हतं.

आली ती वहिनी. दिवाळीच्या आधी, एकटी, बिडकीनहून बसनं, हातात कापडी पिशवी. एकटी बसनं ती कधी आली नव्हती. पाणी प्यायली, पिवळी भिंत बघितली, पडद्याला हात लावून बघितला आणि एकदम रडायलाच लागली. मला वाटलं घरी काहीतरी झालं.

"काय झालं नाय," ती म्हणाली. "ताई, मला त्या बंगल्यात बसायचं भ्याव वाटतं. सोफ्यावर बसलं की प्लॅस्टिक चरचर वाजतं. भिंतीला हात लावू नका, पडदा ओढू नका. सगळं त्या ठेकेदारानं अन् ह्यांनी ठरवलं. रंग कोणता पाहिजे म्हणून मला कुणी इचारलंच नाय."

पडद्याच्या रंगाचं ते दुःख मला माहीत होतं. मी ते तिला सांगितलं. इतकी वर्षं आम्ही नणंद-भावजय, पण असं बोललो नव्हतो.

पिशवीत तिच्या चार साड्या होत्या. माहेरच्या, सुती, तिला आता कुठं नेसता येत नव्हत्या. "कापायला हात धजत नाय," ती म्हणाली. मी कात्री तिच्याच हातात दिली. पहिली साडी कापताना तिनं डोळे मिटले होते. दुसरीपासून सरळ कापायला लागली. दुपारभर आम्ही जमिनीवर बसून टाके घातले. काठ कुठं यावा यावरून वाद झाला, आणि तिचंच बरोबर निघालं. काठ खाली आला की कापड जड पडतं आणि पडदा सरळ राहतो. हे मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. संध्याकाळच्या बसनं ती चार पडदे घेऊन गेली.

आठवड्यानं तिचा फोन आला.

"लावले," ती म्हणाली. "दिवाणखान्यात. ते मरून रंगाचे काढून टाकले."

"दादा?"

"म्हणले, हे काय, लोक काय म्हणतील. मी म्हणलं, बोलवा लोकांना, मी चहा करते."

"मग?"

"मग काय. काढा म्हणले. मी म्हणलं, नाय काढणार. अन् ताई, तेवढ्यावर थांबले नाय मी. सोफ्याचं प्लॅस्टिक पण फाडलं."

मला हसू आवरेना. "अगं बाई! काय बोलला तो?"

"संध्याकाळी येऊन बसले. गादी हातानं दाबून बघितली. मग म्हणले, मऊ हाय की."

ती हसत होती. पाठीमागं भांड्यांचा आवाज येत होता. मी काहीतरी विचारणार होते, पण ती घाईत होती. म्हणाली, आता स्वयंपाकघराकडं बघायचंय, ठेवते.