तापलेलं मशीन आणि बाळाराम

बाळाराम गेल्याचं मला ठाकुर्लीच्या नाक्यावरच्या फ्लेक्सवरून कळलं. फोटोत गॉगल, गळ्यात सोन्याची चेन आणि खाली दशक्रियेची तारीख, तीसुद्धा उलटून गेलेली. तीस वर्षांची मैत्री, पण मला कोणी फोन केला नाही... करणार तरी कसा? गेले चार महिने आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. हृदयविकाराने गेला, हे मला फ्लेक्सखालच्या पानवाल्याने सांगितलं.

कल्याणला माझं यंत्रांचं दुकान आहे. लाकूड कापायची मशीन, म्हणजे चेनसॉ, मी विकतो आणि दुरुस्तही करतो. बाळारामच्या भातशेतीवर टॉवर उभे राहिले, तेव्हा मुलांनी त्याला घरी आराम करा म्हणून सांगितलं. पण तो कसला बसतोय! सोसायट्यांमधली धोकादायक झाडं उतरवायचं काम त्याने धरलं. कमरेला दोर बांधून वर चढायचा आणि शेंड्याकडून एकेक फांदी कापत खाली यायचा.

नवं मशीन घ्यायचं म्हटलं की तो माझं डोकं खायचा. एकदा मी त्याच्यापुढे दोन मशीनं ठेवली. एक जुन्या जर्मन कंपनीचं, दुसरं नवं, कागदावर जास्त ताकदीचं. चिंचेच्या ओंडक्यावर दोन्ही चालवली. नव्या मशीनने पहिल्या फेरीतच बाजी मारली आणि मी कॉलर ताठ केली. बाळारामने दोन्ही बंद करून तशीच तापलेली उन्हात ठेवली, चहा मागवला, सावकाश प्यायला. मग मशीन चालू करायच्या दोऱ्या ओढल्या. जर्मन मशीन पहिल्या झटक्यात चालू झालं. नवं आठ झटके खाऊनही गप्पच.

"वसंता, मी वर गुलमोहरावर लटकलोय आणि हे असं रुसून बसलं, तर तू चढशील काय चालू करायला?"

तेव्हापासून मीही गिऱ्हाइकाला ताकद नंतर सांगतो. मशीन आधी तापवतो. माझं शिक्षण अभियांत्रिकीचं, पण धंदा मला या चौथी शिकलेल्या माणसाने शिकवला. हे त्याच्या तोंडावर मी कधी बोललो नाही, याचं आज फार वाईट वाटतं.

आमचं बिनसलं ते त्याच जर्मन मशीनवरून. मशीनची दातेरी चेन बदलायला तो दुकानात आला होता, बरोबर त्याची दोन माणसं. दोरी ओढताना त्याचा हात थरथरला. मला राहवलं नाही.

"बाळाराम, आता मशीन खाली ठेव. हात बघ तुझा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मशीनची वॉरंटी बघ तू. माझी नको." आणि तो निघून गेला.

खरं तेच बोललो होतो, पण त्याच्या माणसांसमोर बोललो. चार दिवसांनी राग उतरेल, मग येईल, म्हणून मी बसून राहिलो. फोन मीही केला नाही. पुढे मनात एकच धास्ती होती, की मला दाखवायला म्हणून तो थरथरत्या हाताने झाडावर चढत असेल... पडला तर ते माझ्यामुळे.

गेल्या आठवड्यात त्याची बायको, हिरावहिनी, मशीन घेऊन दुकानात आली. "वसंताभावजींकडंच द्या, असं सांगून ठेवलेलं ह्यांनी." मी सवयीने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. टाकी कोरडी होती. चेन काढून तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळलेली. मशीन कायमचं बाजूला ठेवायचं असेल, तरच माणूस इतकं करतो.

"हे कधी केलं त्याने?"

"तुमच्याकडून आले ना, त्याच दिवशी. ओटीवर बसून केलं. मग मशीनला हातच नाय लावला. माणसं वर चढायची, हे खालून सांगायचे." वहिनीने चेनवर फडकं परत गुंडाळलं. "बोलायचे, वसंता बरोबर बोलला, येईल तेव्हा सांगीन त्याला. रोज गेटकडं बघत बसायचे."