शाबासकीची थप्पड

जनीच्या गालाला मोहाच्या बियांचं तेल लागलेलं असायचं, आणि ते माझ्या तळहाताला चिकटायचं — कडवट, उग्र, दिवसभर न जाणारं. मी राखेनं हात घासायची, तरी जेवताना तो वास भाताच्या घासाबरोबर तोंडाशी यायचा.

नागभीडकडच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत रीतच होती तशी. गुरुजी तोंडी गणित घालत. ज्याला उत्तर येई त्यानं उठून बाकी सगळ्यांच्या थोबाडीत मारायची. बक्षीसच ते. उत्तर बहुतेक मलाच यायचं. हात हलका पडला तर तपकिरीनं बरबटलेल्या नाकातून हसत गुरुजी "अशी नाई वं, अशी" म्हणून माझ्याच गालावर दाखवून द्यायचे. गाव म्हणायचं, पोरगी हुशार, गुरुजींचा फार जीव तिच्यावर... थू त्या जिवावर.

मोहफुलांचे दिवस आले. पहाटेच्या गारव्यात पिवळट, रसाळ फुलं टपटप पडत, साऱ्या रानाला गोडसर, आंबूस वास सुटे, आणि पोरी टोपल्या घेऊन निघत. जनी, तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवराची पोर, माझी एकुलती मैत्रीण. दरवर्षी तीच मला हाक मारायची. त्या वर्षी ती आमच्या दारावरून मुकाट पुढे गेली. मी मागून धावले तर म्हणाली, "तू नको येऊ. तुह्या हाताचं भेव वाटते."

त्या दिवशी गुरुजींनी सोपं गणित घातलं. उत्तर दातांशी आलं होतं. मी मान खाली घातली. कोणालाच आलं नाही म्हणून गुरुजींनी सगळ्यांना छडीनं फोडलं, मला जरा जास्तच.

घरी येताना जनी शेजारून चालत होती. म्हणाली, "येत होतं ना वं तुले?"

"नाई."

"लबाड," ती म्हणाली. "सकाळी टोपली घेऊन तयार राह्य."

मग मी वर्गात तोंड उघडलंच नाही. गुरुजी घरी येऊन बाबांना सांगून गेले, पोरीचं डोकं बसलं, हिला शिकवणं वाया. चौथीनंतर शाळा बंद. पोर अशी एकाएकी मुकी काऊन झाली, हे एकानंही विचारलं नाही.

जनी लग्न होऊन वैनगंगेपलीकडे गेली; मी धानाच्या रोवण्याला जाऊ लागले. चिखलात वाकले असताना शेताच्या बांध्यांची, रोपांच्या पेंढ्यांची गणितं डोक्यात आपोआप मांडली जात, सुटत... या वयातही थांबत नाहीत. उत्तर आलं की मी अजून इकडेतिकडे बघते, आणि गप्प राहते.