कोयत्याला दिलेले पाणी

महाराजांनी परगावी काढलेल्या बोर्डिंगात राहून मी कॉलेजात शिकत होतो. आमच्या लोहाराच्या घरातून तिथवर पोहोचलेला मी पहिलाच. त्यामुळे वर्गात सांगतात ते सगळे खरेच असणार, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

पौषात सुट्टीला घरी आलो. पंचगंगेवरून असे गार वारे येत की सकाळी माझ्या वडिलांच्या, आबांच्या भट्टीभोवती निम्मी पेठ जमायची. शेकायला सगळे, भाता ओढायला कोणी नाही. शेजारचे म्हातारे पैलवान तर तासभर हात शेकून वर आबांनाच सांगत, "घण जरा जोरात घाल की."

त्या दिवशी वडणग्याकडचे एक शेतकरी मामा कोयत्यासाठी थांबले होते. दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर त्यांची पाळी होती. आज ऊस तोडला नाही तर पाळी पुढच्याला जाणार. कोयता घडून झाला होता. लालभडक पाते पाण्यात बुडवून कडक करायचे, म्हणजे पाणी द्यायचे, तेवढे राहिले होते. दगडी डोणीतले पाणी रात्रभर गारठलेले. आबा आधी त्यात तापलेली पहार बुडवायला निघाले.

मी चाचरत म्हणालो, "आबा, नको. पाणी जितकं गार, तितकं पोलाद कडक. प्रोफेसरांनी सांगितलंय."

आबांनी जमलेल्या मंडळींकडे पाहिले. उभा जन्म भट्टीपुढे काढलेल्या माणसाने मुलाच्या कौतुकापायी पहार बाजूला ठेवली आणि सांडशी माझ्या हातात दिली. प्रोफेसरांनी आयुष्यात सांडशी धरली नव्हती, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आले नाही.

पाते पाण्यात गेले आणि 'टिच' असा आवाज झाला.

पैलवान वाकून बघत म्हणाले, "कडक झालाय. पण दोन तुकड्यांत."

"आता माझा ऊस काय इंग्रजीत तोडू व्हय?" मामा कडाडले. "भाकरी खाऊन येतो. ह्या सायबाला हात लावू देऊ नगासा."

मी मेल्याहून मेलो. आबांनी दुसरे पोलाद भट्टीत घातले. उन्हे वर आली, शेकणारी मंडळी पांगली, तोवर नवा कोयता तयार झाला. आबांनी तापलेली पहार डोणीत बुडवली, पाण्यात बोट घालून पाहिले.

"पाण्याची थंडी मोडल्याबिगर पातं दम धरत न्हाय," म्हणाले आणि सांडशी पुन्हा माझ्याच हातात दिली. मी पाते डोणीत बुडवले. पाते अखंड बाहेर आले.

मामा आले. कोयता ऐरणीवर वाजवून कान देऊन ऐकला.

"पानी कुनी दिलं?"

मी तोंड उघडणार, तोच आबांनी माझ्या पायावर पाय ठेवला.

"मी."

"तरीच!" मामा खूश झाले. "हातातला फरक लगीच कळतोय बघा." आणि कोयता खांद्याला लावून उसाकडे झपाझप चालू लागले.